अठरा कचेऱ्या आणि एका वर्षाचा महापौर

बंगळूरच्या कब्बन पार्कलगत विधान सौधाच्या समोर लाल रंगाची, उंच खांबांची, दुमजली लांबलचक इमारत आहे. आज तेथे कर्नाटकचे उच्च न्यायालय भरते. लोक तिला ‘अट्टारा कचेरी’ म्हणतात. हे नाव मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभाराचे अठरा विभाग पाडले अशी परंपरागत माहिती आहे. त्या अठरा कचेऱ्या पुढे शब्दरूपाने टिकल्या. याच राजाने १६८७ साली तीन लाख रुपये मोजून बंगळूर घेतले. त्याआधी सुमारे अर्धशतक हे शहर शहाजीराजांच्या व नंतर एकोजींच्या जहागिरीत होते. म्हणजे शहराची खरेदी-विक्री येथे नवी नाही.

इमारत १८६४ ते १८६८ या काळात उभी राहिली. आराखडा रिचर्ड सँकी यांचा. म्हैसूर संस्थानचे सचिवालय येथे होते. १९५६ मध्ये केंगल हनुमंतय्यांनी उभारलेले विधान सौध पूर्ण झाले, सचिवालय रस्ता ओलांडून तिकडे गेले आणि जुन्या वास्तूत न्यायालय राहिले. त्यानंतर १९८० च्या दशकात शासनाने ती पाडून नवी इमारत बांधण्याचा विचार केला. मुंबईत वारसा वास्तूंसाठी विकास नियंत्रण नियमावलीत स्वतंत्र तरतूद झाली ती १९९५ मध्ये. तेव्हा येथील नागरिकांच्या हाती विशेष काही नव्हते. त्यांनी जनहित याचिकेचा मार्ग धरला. ज्या इमारतीचे भवितव्य ठरायचे होते तिच्याच दालनात त्या प्रकरणाची सुनावणी झाली! वास्तू वाचली.

शासकीय नस्तीत जुन्या इमारतीची बाजू नेहमी दुबळी असते. डागडुजीचा खर्च, गळणारे छत, अपुरी जागा, जमिनीचा बाजारभाव हे सर्व आकड्यांत मांडता येते. उलट शंभर वर्षे लोकांच्या नजरेसमोर उभी असलेली वास्तू नाहीशी झाल्याने होणारे नुकसान कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. लाभ थोड्यांना आणि ठोस, हानी पुष्कळांना आणि विखुरलेली, अशा ठिकाणी विरोध सहसा संघटित होत नाही, हे अर्थशास्त्रात फार पूर्वी सांगितले गेले आहे. बंगळूरचे वैशिष्ट्य हे की तेथे तो वारंवार संघटित झाला. १९७५ मध्ये उद्यानांच्या संरक्षणासाठी कायदा होऊनही १९९८ साली कब्बन पार्कच्या संरक्षित हद्दीतून सुमारे ३२ एकर वगळण्याचा निर्णय झाला, तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले.

परंतु विरोध करायचा तरी कोणाला? न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली लोअर मॅनहॅटनमधून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाविरुद्ध जेन जेकब्स आणि तिचे शेजारी लढले तेव्हा महापौर वॅग्नर यांच्या मंडळापुढे बाजू मांडायची, हे त्यांना ठाऊक होते. बंगळूरच्या महापौराची मुदत एक वर्षाची होती. नगरनियोजन आणि मोठे रस्ते १९७६ मध्ये स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणाकडे होते, आणि प्राधिकरण राज्य शासनाच्या अखत्यारीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची कल्पना दिली खरी, पण निर्णयाची किल्ली मंत्र्यांकडेच राहिली.

२०१६ च्या पोलादी उड्डाणपुलाच्या वेळी हे स्पष्ट दिसले. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटरचा पूल, १,७९१ कोटी रुपये खर्च, ८१२ झाडे तोडावी लागणार. शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ विमानतळ सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावरची कोंडी खरीच होती. तीत अडकून विमान चुकलेला प्रवासी पुलाला नावे ठेवणार नाही. लोकांचा आक्षेप होता तो घाईवर, गुप्ततेवर आणि शहराच्या जुन्या, सावलीच्या भागातून पोलादाचा पट्टा नेण्यावर. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी नियोजित मार्गावर मानवी साखळी केली. घोषणा होती ‘बेडा’, कन्नडमध्ये ‘नको’. त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने कामास अंतरिम स्थगिती दिली. २ मार्च २०१७ रोजी बंगळूर विकास मंत्री के. जे. जॉर्ज यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. घोषणा महापौरांनी केली नाही, आणि त्यांनी ती करावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

हा विजय नागरिकांचा होता यात शंका नाही. मात्र मला त्यात एक उणीव दिसते. ‘नको’ म्हणण्याची शक्ती शहराने कमावली. ‘काय हवे’ हे ठरवण्याचे अधिकृत स्थान मात्र त्याला मिळाले नाही. उलट सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, आणि एक वर्षाचा महापौरही उरला नाही. प्रशासकाच्या हाती कारभार गेला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, हे मी माझ्याच सेवेतील अनेक सहकाऱ्यांकडे पाहून म्हणतो. परंतु त्याला नागरिकांपुढे मत मागायला जायचे नसते. २०२५ च्या सप्टेंबरात एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या, त्याही प्रशासकांसह.

दरम्यान हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंत सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा खोदण्याची योजना पुढे आली. २०२५ साली तिला विरोध सुरू झाला तो विशेषतः लालबागेवरून. हैदर अलीच्या काळापासूनची ही बाग, आणि तीत तीनशे कोटी वर्षांच्या आसपास वयाचा खडक, ज्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. त्यावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज उभा आहे. पुन्हा याचिका, पुन्हा फलक, आणि आश्वासने देण्यासाठी बागेत आले ते उपमुख्यमंत्री.