स्वयंपाकघरातील इंधनबचत

भारतात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप पेट्रोलियम वायू असतो. तो एखाद्या कुटुंबास महिनाभर पुरतो, तर तेवढ्याच माणसांच्या दुसऱ्या कुटुंबात वीस-बावीस दिवसांत संपतो. या फरकाचे कारण पदार्थांत असते, तसेच ते शिजवण्याच्या पद्धतीतही असते. देशाला लागणाऱ्या या वायूचा निम्म्याहून अधिक भाग आयात करावा लागतो. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेल्या पंतप्रधान उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या. मात्र जोडणी मिळाल्यानंतरही पुढचा सिलिंडर परवडला नाही, तर घरात पुन्हा चूल पेटते आणि धुराचा त्रास सुरू होतो. म्हणूनच सिलिंडर चार दिवस अधिक पुरवणे हा केवळ काटकसरीचा विषय नाही.

उष्णता कोठे जाते?

भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे उत्तम स्थितीतील शेगडीवरही उष्णतेचा बराच भाग भांड्याच्या कडेने निघून जातो. मोठी ज्योत लहान पातेल्याच्या तळाबाहेर पसरली, बर्नरची छिद्रे बुजली किंवा पंख्याच्या वाऱ्याने ज्योत हलू लागली, की हे नुकसान वाढते.

परंतु याहून मोठे नुकसान भांड्याच्या आत होते आणि ते सहसा ध्यानात येत नाही. समुद्रसपाटीलगत उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यानंतर ज्योत कितीही मोठी केली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. पाणी खळखळा उकळत असो वा संथपणे, डाळीला मिळणारे तापमान तेच असते. वाढीव उष्णता केवळ वाफ तयार करण्यात खर्च होते.

हा खर्च किती मोठा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपटीहून अधिक उष्णता लागते. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरल्यास पाव लिटर पाण्याची वाफ करण्यात सुमारे १८ ग्रॅम गॅस जातो. रोज एवढे पाणी विनाकारण वाफ होऊन गेले, तर वर्षाकाठी साडेसहा किलो गॅस, म्हणजे जवळजवळ अर्धा सिलिंडर वाया जातो.

झाकण, ज्योत आणि पाणी

यावरून पहिला नियम स्पष्ट होतो : उकळी येईपर्यंत ज्योत मोठी ठेवण्यास हरकत नाही, उकळी फुटताच ती मंद करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. इंधनबचतीच्या प्रसारासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने (पीसीआरए) उकळीनंतर ज्योत कमी केल्याने सुमारे २५ टक्के इंधन वाचू शकते, असे आपल्या पत्रकांतून वेळोवेळी सांगितले आहे. लहान बर्नर मोठ्यापेक्षा कमी गॅस घेतो. त्यामुळे थोडे दूध, चहा वा आमटी त्यावरच ठेवणे इष्ट.

दुसरा नियम पाण्याच्या प्रमाणाचा. बंगाल, ओडिशा, केरळ यांसारख्या प्रदेशांत भात भरपूर पाण्यात शिजवून ते निथळून टाकण्याची रीत आहे. ओतून दिलेल्या प्रत्येक पेल्याबरोबर ते पाणी तापवण्यास लागलेले इंधनही जाते. कोकणात पेज पिण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यामुळे निदान ते पाणी आणि त्यातील सत्त्व तरी पोटात जाते.

तिसरा नियम भिजवण्याचा. छोले, राजमा, वाटाणे रात्रभर भिजवल्यास पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोहोचते आणि शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. भिजवण्यास इंधन लागत नाही, आदल्या रात्रीची आठवण तेवढी लागते.

प्रेशर कुकरचा योग्य वापर

वाफ कोंडून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवता येतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन यांनी १६७९ साली आपल्या बंद भांड्याने दाखवून दिले. आजच्या प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून अन्न लवकर शिजते. पीसीआरएच्या माहितीनुसार कुकरमुळे भातासाठी सुमारे २० टक्के, तर भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसाठी ४६ टक्के इंधन वाचते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे डाळ शिजवण्यासाठी कुकर ही चैन नसून गरज आहे.

मात्र कुकरही चुकीच्या रीतीने वापरला जाऊ शकतो. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर टाकण्याची व्यवस्था होय. मोठ्या ज्योतीवर सहा-सात शिट्ट्या काढणे म्हणजे कोंडलेली उष्णता पुन्हा पुन्हा बाहेर सोडणे. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत मंद करून, शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत. गॅस बंद केल्यावरही आतील उष्णतेने अन्न शिजत राहते, त्यामुळे दाब आपोआप उतरू द्यावा. वरण, भात आणि बटाटे डब्यांतून एकाच वेळी लावणे ही मराठी घरांतील जुनी सवय इंधनाच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

साठलेल्या उष्णतेचा उपयोग

आपल्या जुन्या चुलींना शेजारी वैल असे. चुलीतून निसटणाऱ्या उष्णतेवर तेथे आमटी किंवा पाणी गरम राही. त्या चुलींची कार्यक्षमता कमी आणि धूर अधिक होता, हे खरे. परंतु निसटणारी उष्णता वापरण्याची ती दृष्टी आजही उपयोगी आहे. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेचा सराई कुकर याच विचाराचा आहे. बंदिस्त आवरणातील या कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर पाच माणसांचा वरण-भात आणि भाजी वाफेवर शिजू शकते. उसाच्या पाचटासारख्या शेतातील अवशेषांपासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी या संस्थेस २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

घरी हेच तत्त्व सोप्या रीतीने वापरता येते. भात तीन-चतुर्थांश शिजल्यावर झाकण न उघडता पातेले जाड कापडात गुंडाळून ठेवल्यास तो पुढे आपल्याच उष्णतेवर होतो. राजम्यासाठी मात्र ही पद्धत पुरेशी नाही. कच्च्या राजम्यातील अपायकारक घटक नष्ट होण्यासाठी तो चांगला उकळून पूर्ण शिजलाच पाहिजे.

विजेची उपकरणे

इंडक्शन शेगडीत उष्णता थेट भांड्याच्या तळात निर्माण होते, त्यामुळे ती फारशी वाया जात नाही. त्यासाठी चुंबक चिकटेल अशा सपाट तळाचे भांडे लागते. फ्रिजमध्ये अन्न निवाल्यावर, पण फार वेळ बाहेर न ठेवता ठेवावे. दाराची रबरी पट्टी घट्ट बसते की नाही, हे कागदाची चिठ्ठी दारात अडकवून पाहता येते. चिठ्ठी सहज ओढली गेली, तर पट्टी सैल झाली असे समजावे.

थोडक्यात काय करावे?

• चिरणे, निवडणे, मोजून घेणे आधी उरकावे. शेगडी नंतर पेटवावी.
• दूध व भाज्या फ्रिजमधून थोड्या आधी बाहेर काढाव्यात.
• रुंद तळाची भांडी वापरावीत. तळावरील काजळी व आतील क्षारांचा थर काढून टाकावा.
• ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागल्यास बर्नर साफ करून किंवा तपासून घ्यावा.
• वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा द्यावा, पण खोलीतील हवा खेळती ठेवावी.
• घरातील सर्वांनी शक्यतो एकत्र जेवावे. पुन्हा पुन्हा अन्न गरम करणे टळते.
• गॅसचा वास आल्यास बचतीचा विचार बाजूला ठेवून प्रथम रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे बटण दाबू नये.

यांपैकी बहुतेक उपायांना पैसा लागत नाही. त्यांचा परिणाम पडताळणेही सोपे आहे : सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढचा किती दिवस पुरतो, ते पाहावे.