किराणा दुकानदाराची बाटली

कवीनं लघवीवर बोलावं हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण आमच्याकडच्या जुन्या हकिमांना त्यात काही वावगं वाटत नसे. रोगी आला की त्याची नाडी पाहायची आणि कारुरा मागायचा. कारुरा म्हणजे लघवीची काचेची कुपी. ती उजेडात धरून रंग, गढूळपणा, तळाचा साका, वरचा फेस हे सगळं पाहिलं जाई. इब्न सीनानं हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात या पाहणीसाठी बरीच पानं खर्ची घातली आहेत.

आज मला सांगायची आहे ती अशाच एका कुपीची गोष्ट. ती घडली लंडनमध्ये, 1845 साली.

थॉमस मॅकबीन नावाचा एक किराणा दुकानदार होता. वय पंचेचाळीस, माणूस सरळमार्गी, खाऊनपिऊन सुखी. 1844 च्या सप्टेंबरात तो सुटीवर गेला होता. तिथं एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना छातीत काहीतरी कट्‌कन मोडल्यासारखं झालं आणि तो वेदनेनं आडवा झाला. छातीला पट्टे बांधले, जळवा लावल्या, रक्त काढलं, पुढं लोह आणि क्विनीनही दिलं. मध्ये थोडा उतार पडला, तो स्कॉटलंडला हवापालट करून आला. पण दुखणं पुन्हा उलटलं. पाठ, बरगड्या, कंबर, सगळीकडून कळा येऊ लागल्या.

डॉ. थॉमस वॉटसन यांनी डॉ. विल्यम मॅकिंटायर यांना सल्ल्यासाठी बोलावलं. अंगावर सूज होती म्हणून मॅकिंटायर यांनी लघवी तपासायचं ठरवलं. लघवी तापवून पाहायची रीत तेव्हा रूढ झाली होती. रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्येच दाखवून दिलं होतं, की चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरली आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली, तर मूत्रपिंड बिघडलं असं समजावं. पण या दुकानदाराच्या लघवीनं भलताच खेळ केला. आम्ल घालून तापवली तर स्वच्छ झाली, गार झाल्यावर घट्ट गोळा झाली आणि पुन्हा तापवली तर तो गोळा विरघळला! अंडं उकळल्यावर पातळ व्हावं, तसा हा प्रकार.

दोघाही डॉक्टरांनी नमुने पाठवले ते सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या एकतीस वर्षांच्या हेन्री बेन्स जोन्सकडे. हा तरुण जर्मनीत लीबिगच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकून आला होता. वॉटसन यांच्या चिठ्ठीत नमुन्याचं वर्णन होतं आणि शेवटी एवढंच विचारलं होतं, की हे आहे तरी काय? मला ती चिठ्ठी फार आवडते. मोठ्या नावाच्या डॉक्टरनं धाकट्याला इतक्या मोकळेपणी विचारावं, हे आजही रोज दिसत नाही.

बेन्स जोन्सनं मोजलं, तर दिवसाला सुमारे 67 ग्रॅम प्रथिन शरीराबाहेर चाललं होतं. 1 जानेवारी 1846 रोजी मॅकबीन वारला. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं गेलं ते लघवीतून अल्ब्युमिन जाऊन आलेली क्षीणता. शवविच्छेदनात बरगड्या इतक्या मऊ निघाल्या, की सुरीनं सहज कापता येत होत्या. हाडांच्या पोकळीत लालसर लिबलिबीत मगज भरला होता. हाडं अशी मऊ पडणाऱ्या दुसऱ्या रोग्यांमध्येही हे प्रथिन शोधा, असं बेन्स जोन्सनं लिहून ठेवलं. प्रथिनाला नाव त्याचंच मिळालं. मॅकिंटायर मागं पडले आणि दुकानदार तर कित्येक वर्षं निनावीच राहिला.

1873 मध्ये रुस्टिझ्की यांनी या रोगाला मल्टिपल मायलोमा हे नाव दिलं. हाडांच्या मगजातला हा रक्ताचा कर्करोग. पण प्रथिन म्हणजे नेमकं काय, हे कळायला 1962 साल उजाडावं लागलं. एडेलमन आणि गॅली यांनी दाखवलं, की ते प्रतिद्रव्याचाच, म्हणजे अँटिबॉडीचाच, एक तुकडा आहे. आपल्या मगजातल्या प्लाझ्मा पेशी प्रतिद्रव्यं बनवतात. प्रत्येकात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या. एखादी पेशी बिघडली, तिची बेसुमार वाढ झाली, की हलक्या साखळ्यांचं उत्पादन गरजेपेक्षा जास्त होतं. त्या बारीक असल्यानं मूत्रपिंडाच्या चाळणीतून खाली पडतात आणि तिथल्या नळ्या तुंबवतात. एडेलमन यांना 1972 मध्ये पोर्टर यांच्यासह नोबेल मिळालं.

आता थोडं घरचं. माझे मामूही किराणा दुकानदारच. पाठ दुखू लागली तेव्हा सगळे म्हणाले, "मामू, जन्मभर पोती उचललीत, पाठ जाणारच." एका दवाखान्यात लघवीत रंगीत पट्टी बुडवली, प्रथिन नाही असा निर्वाळा दिला आणि मलम लिहून दिलं. काही महिने असेच गेले. पुढं आमच्या तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या लॅबवाल्यानं जुन्या सवयीनं परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवली. कोमट असताना ती पांढरी झाली, उकळायला लागल्यावर बरीचशी निवळली, गार होताना पुन्हा गढूळली. तो एवढंच म्हणाला, "शेठ, हे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा." मामूंची मूत्रपिंडं तोवर बरीच खराब झाली होती.

पट्टी खोटं बोलली नव्हती. ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. या हलक्या साखळ्या तिला बहुधा दिसतच नाहीत. हे मला फार उशिरा समजलं. दिव्यावरची परीक्षाही खात्रीची नाही, थोडं प्रथिन तिच्यातून निसटतं. आज चोवीस तासांची लघवी साठवून तिची इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगळी करतात. 2001 पासून रक्तातल्या मोकळ्या हलक्या साखळ्या मोजायची तपासणीही आली आहे.

रोग होण्याच्या कितीतरी आधी रक्तात हे विकृत प्रथिन दिसू शकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये या अवस्थेला नाव दिलं. तिथल्या एका जिल्ह्यात पन्नाशीपुढच्या लोकांत ती सुमारे 3.2 टक्क्यांत आढळली, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. अशा लोकांपैकी वर्षाला साधारण एक टक्काच पुढं रोगाकडं जातात. मग उरलेल्यांना उगाच का घाबरवायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आइसलँडमध्ये 2016 साली सरसकट तपासणीचा मोठा प्रयोग सुरू झाला आणि ऐंशी हजारांवर माणसांनी त्यात नाव नोंदवलं. आधी कळल्यानं माणसं खरंच जास्त जगतात का, हे त्यातून पाहायचं आहे.

सरसकट तपासणीचं ते ठरेल तेव्हा ठरेल. पण पन्नाशीपुढचा माणूस, न थांबणारी पाठदुखी, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेलं, असं सगळं एकत्र दिसलं, तर पट्टीवर थांबू नका. लघवीच्या आणि रक्ताच्या या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यासाठी चोवीस तासांचा मोठा कॅन भरून न्यावा लागतो. मामूंना त्याची भारी लाज वाटायची. दुकानातल्या गोडेतेलाच्या डब्यांमागं तो लपवून, कापडी पिशवीत घालून ते लॅबमध्ये न्यायचे.