साहेबमामा आणि दामले
आमचं गाव नेवाशाजवळ. ज्ञानोबांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब नेवाशातच. पण आजीच्या डोळ्यांसमोरचे ज्ञानोबा खांबापाशी नसत; ते तंबूतल्या सिनेमातले. 'संत ज्ञानेश्वर', 1940 चा. केला विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या जोडीनं. मूळचे दोघं चित्रकार. कोल्हापुरात पेंटर बंधूंच्या हाताखाली तयार झालेले. 1929 साली 'प्रभात' काढणाऱ्यांत दोघंही होते. त्यांचा 1936 चा 'तुकाराम' पुढच्या वर्षी थेट व्हेनिसला गाजला. एक ब्राह्मण, एक मुसलमान, अन् पडद्यावर आणले वारकऱ्यांचे संत! आजीला हे फार उशिरा कळलं. "मामाच ना त्यो?" एवढंच म्हणाली अन् तांदूळ निवडत बसली. दामले 1945 साली गेले. तोवर जोडी फुटली नव्हती.