पाळणा शाळेशेजारी

अंगणवाडी म्हटलं की १९७५ची सरकारी योजना आठवते. पण तिचं मूळ ताराबाई मोडकांच्या कामात आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाईंनी १९४५मध्ये बोर्डीत ग्रामीण काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

१९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथल्या आदिवासी पाड्यांत अडचण वेगळी होती: आईबाप मजुरीला, आणि तान्ह्याला सांभाळायला थोरलं भावंड घरी. यावर ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. हीच विकासवाडी. तान्हं पाळण्यात, थोरलं वर्गात.

पाळणाघर ही नुसती आईची सोय नव्हे. ते बंद पडलं, की शाळा थोरल्या भावंडाची सुटते.