लुगड्याच्या लंगोटापासून डायपरपर्यंत

आज आपण बाळाच्या लंगोटाबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही चार-चार लेकरं फडक्यांवर वाढवली, तुम्हाला एक जड होतं का?" सून म्हणते, "डायपर लावला की लेकरू रात्रभर झोपतं, मलाही डोळा लागतो." दोघींचंही खरं आहे. पण फडकी कुठून येत होती, ती कोण धूत होतं आणि डायपर कुणी काढला, हे माहीत असलं तर भांडणाऐवजी हिशेब करता येतो.

आपला खानदेश हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर इकडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच सुमाराला रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाली. पुढे जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे इथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कापूस आपला आणि कापडही इथलंच. बाया सुती लुगडं नेसत. नऊवार लुगडं विरलं की त्याचं जुनेर होई आणि जुनेराला घरात सगळ्यात जास्त मान बाळंतिणीच्या खोलीत. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेलं ते कापड बाळाच्या कातडीला टोचत नसे, पाणी चटकन शोषून घेई. एका लुगड्यात कितीतरी लंगोट आणि अंथरायची बाळोती निघत. त्याला पैसा पडत नसे.

पैसा पडत नसे, पण कष्ट पडत होते, आणि ते कुणी मोजले नाहीत. तान्हं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा सहज ओलं करतं. तेवढी फडकी रोज नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायची, पिळायची, वाळवायची. बाळंतीण सव्वा महिना घरात, म्हणजे हे काम तिची आई, जाऊ, नणंद नाहीतर घरातली थोरली पोरगी करणार. त्या पोरीची शाळा बुडाली तरी ती लंगोटाच्या खर्चात कुणी धरली नाही. आपल्या आज्यांनी लंगोट फुकटात केले असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांचे हात हिशेबातून सुटलेले असतात.

नंतर तीन गोष्टी बदलल्या. पहिली कापडाची. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि शेजारच्या सुरतेतून नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या घरोघरी आल्या. त्या स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या. पण त्या पाणी शोषत नाहीत, त्यामुळे जुन्या झाल्या तरी लंगोटाच्या कामाच्या नाहीत. कापूस पिकवणाऱ्या घरातच सुती जुनेर मिळेना. दुसरी गोष्ट पाण्याची. गिरणा, पांझरा उन्हाळ्यात कोरड्या पडतात आणि कितीतरी गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. तिसरी गोष्ट माणसांची. एकत्र घर फुटलं, पोरी शाळेत गेल्या हे चांगलंच झालं, पण धुणारे हात कमी झाले. सून एकटी आणि तिला निंदणीलाही जायचं असतं. आळसामुळे डायपर घरात आला असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही.

डायपरचा जन्मही धुण्याच्या कंटाळ्यातूनच झाला. अमेरिकेत मेरियन डोनोव्हन नावाच्या एका आईनं १९४० च्या दशकात न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचं, पाणी न झिरपणारं आवरण शिवलं. १९५१ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. पुढे वापरून टाकून द्यायच्या कागदी लंगोटाची कल्पना तिनं कारखानदारांपुढे मांडली, ती त्यांना पटली नाही. काही वर्षांनी व्हिक्टर मिल्स हा एका मोठ्या कंपनीतला इंजिनिअर नातवंडाचे लंगोट बदलून वैतागला आणि कामाला लागला. त्यातून १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आला. १९८० च्या दशकात डायपरमध्ये पाणी शोषून फुगणारे बारीक दाणे घातले गेले, तेव्हा तो पातळ झाला आणि जास्त वेळ कोरडा राहू लागला. आज आपल्या गावातल्या किराणा दुकानात तो सुटा, एक-एक नगसुद्धा मिळतो.

जुन्या लंगोटाच्या हिशेबात हात धरले जात नव्हते, तसा या डायपरच्या हिशेबात कचरा धरला जात नाही. आत लाकडाचा लगदा, ते दाणे आणि बाहेर प्लॅस्टिक. प्लॅस्टिक मातीत कुजत नाही, आणि जाळलं तर धूर आपल्याच नाकात जातो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं की वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा आणि त्यासाठी कंपनीनं पिशवी द्यावी. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते. खेड्यात घंटागाडी येत नसेल तर डायपर उकिरड्यावर किंवा नाल्यात जातो, कुत्री तो ओढत आणतात.

मग यातलं बरं कोणतं? ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं २००८ साली याचा अभ्यास छापला. एका बाळाच्या अडीच वर्षांच्या डायपरमुळे हवा तापवणारा सुमारे ५५० किलो वायू तयार होतो, आणि कापडी लंगोटामुळे सुमारे ५७० किलो, असं त्यांना आढळलं. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. कारण तिथे लंगोट गरम पाण्याच्या यंत्रात धुतात, बरेच जण यंत्रातच वाळवतात. पण एकदम भरपूर कपडे धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा तो आकडा सुमारे ४० टक्क्यांनी खाली येतो. मैत्रिणींनो, दोरी, ऊन आणि पाठचं भावंड ही आपली रीतच आहे. खानदेशच्या उन्हाला वीजबिल लागत नाही.

आता पैशाचं बघू. एक डायपर दहा रुपयांचा धरा आणि दिवसाला चार. महिन्याचे बाराशे रुपये झाले. तुमच्या दुकानातला भाव घालून हाच गुणाकार करा आणि गटातल्या आपल्या महिन्याच्या बचतीशेजारी लिहून बघा.

आमच्या मते सरळ मधला रस्ता काढावा. दिवसा घरी सुती लंगोट, आणि एसटीचा प्रवास, दवाखाना, लग्नकार्य किंवा आईला झोप हवी अशा रात्री डायपर. जुनेर नसेल तर सुती मांजरपाट आणून धुऊन मऊ करावं. गटात शिवणयंत्र असेल तर वीस-पंचवीस लंगोट सहज होतात. डायपर लावला तरी तीन-चार तासांनी आणि शी झाली की लगेच बदलावा, नाहीतर पुरळ उठतं. बाळाची शी निरुपद्रवी असते असं आपल्याकडे म्हणतात, ते खरं नाही. तिच्यातूनही जुलाब पसरतात. ती संडासात टाकावी आणि हात साबणानं धुवावेत.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. गावातले डायपर शेवटी कुठे जातात, आणि ग्रामपंचायत त्याचं काय करणार? हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न घरातला. लंगोट वापरायचे ठरले तर ते कोण धुणार? उत्तरात फक्त सुनेचं किंवा पोरीचं नाव आलं तर पुन्हा विचारा. बाळाच्या बापालाही दोन हात आहेत.