चाकाची कुरकूर आणि प्रशासनाचा कान

येलहंका हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके वाटू नये. १५३७ मध्ये बेंगळुरू वसविणारा केंपेगौडा हा येलहंक्याचा नाडप्रभू. त्याच्या वंशजांकडून १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. परंतु आज मला येलहंक्याच्या एका अर्वाचीन प्रकरणाविषयी लिहावयाचे आहे. ते आहे चाकाचे.

भारतीय रेल्वेला लागणारी चाके आणि आस दीर्घकाळ काही देशी पोलाद कारखान्यांतून व बऱ्याच प्रमाणात परदेशांतून येत. हे परावलंबन कमी करण्यासाठी येलहंक्यास रेल्वेने स्वतःचा कारखाना उभारला. १५ सप्टेंबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज तो ‘रेल व्हील फॅक्टरी’ या नावाने ओळखला जातो. येथे झिजलेली जुनी चाके व आस विद्युत भट्टीत वितळवितात आणि तो रस हवेच्या दाबाने ग्रॅफाइटच्या साच्यात खालून वर चढवून नवी चाके ओततात. आस मात्र ओतीव नसतो. तो घडवावा लागतो आणि त्याच्या पोटात तडा नाही ना, हे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासले जाते.

ही तपासणी का लागते, याचा इतिहास १८४२ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी ८ मे रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण अभियंत्याने अशा आसांच्या अकस्मात मोडण्याविषयी निबंध वाचला. त्यानंतर प्रशियातील रेल्वे अधिकारी ऑगस्ट व्होलर याने धावत्या गाडीच्या आसांवर पडणारा भार मोजला, लाखो फेरे देऊन नमुने मोडून पाहिले आणि १८७० पर्यंत निष्कर्ष प्रसिद्ध केले. धातू एका मोठ्या आघाताने जसा मोडतो, तसाच तो लहान लहान आघातांच्या पुनरावृत्तीनेही थकतो, हे त्याने दाखविले. म्हणजे बिघाड अकस्मात दिसला, तरी त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. बिघाडाचे भाकीत करता येईल, ही कल्पना येथे रुजली.

आपल्या खेड्यांतील गाडीवानाला हे निराळ्या रीतीने ठाऊक होते. उन्हाळ्यात लाकूड आकसले की चाकाची लोखंडी धाव सैल होई. पावसाळ्यापूर्वी ती सुतार-लोहाराकडून पुन्हा चढवून घ्यायची. वंगण संपले की आख कुरकुरू लागे. रेल्वेत तोच कान कर्मचाऱ्याच्या हातोडीत आला. चाकावर टोला मारून त्याचा नाद ऐकणे, स्थानकात शिरणाऱ्या गाडीची चाके पाहणे व ऐकणे, आसपेटी तापली आहे का हे हात लावून पाहणे, अशी ती पद्धत होती. आता रुळांत बसविलेले संवेदक चाकाच्या प्रत्येक आघाताचे वजन नोंदवितात. अशी यंत्रणा रेल्वेच्या संशोधन संस्थेने कानपूर आयआयटीच्या सहकार्याने विकसित केली आहे.

मग ठरावीक मुदतीने सर्वच भाग उघडून तपासावेत, हे अधिक सुरक्षित नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर विमानांनी दिले. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश विमानांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढत आणि मग ओसरत, असे त्याला आढळले. सुस्थितीतील यंत्र उघडल्यानेच ते बिघडत होते. १९७८ मध्ये नोलन आणि हीप या अमेरिकी विमानसेवेतील अभियंत्यांनी दाखविले की विमानाच्या ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच लाभ होत नाही. येलहंक्याच्या हवाई तळावर १९९६ पासून एअरो इंडिया प्रदर्शन भरत आले आहे. तेथे विमान पाहताना हा हिशेबही आठवावा.

पैसा वाचतो तो असा. रेल्वेच्या चाकाची आतली कड झिजली की ते लेथवर कातून पूर्वाकार देतात. झीज फार होऊ दिली, तर कड पूर्ववत करण्यासाठी चाकाच्या घेरातील कितीतरी अधिक पोलाद कातून टाकावे लागते आणि चाकाचे आयुष्य घटते. फार लवकर कातले, तर चांगले पोलाद वाया जाते. योग्य क्षण कळणे, हीच बचत. शिवाय सपाट झालेले चाक रूळ ठोकीत जाते, आणि वाटेत बंद पडलेली एक वाघीण मागच्या सर्व गाड्या अडविते. बस, ट्रक वा शासकीय जीप यांनाही हाच न्याय लागू आहे.

परंतु प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून मला खरी अडचण अन्यत्र दिसते. संवेदकाचा खर्च एका लेखाशीर्षाखाली पडतो आणि बचत दुसऱ्याच खात्यात होते. न झालेल्या अपघाताचे देयक कोणी सादर करीत नाही. आपल्याकडे वाहन बंद पडल्यावर दुरुस्तीची मंजुरी मिळणे सोपे आणि चालत्या वाहनाचा बेअरिंग बदलण्यासाठी मंजुरी मिळविणे कठीण. लेखापरीक्षक विचारणारच, ‘चालत होते ना?’ तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत नियमपुस्तिकेनेच आपल्याला शिकविली आहे.

याहून गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे अतिवेगवान गाडीच्या चाकाची पोलादी धाव तुटली आणि १०१ जणांचा मृत्यू झाला. त्या चाकाची गोलाई मर्यादेबाहेर गेल्याची नोंद त्यापूर्वीच्या तपासणीत झाली होती. यंत्राने सांगितले होते, तरी गाडी धावत राहिली.

म्हणून यंत्रणा खरेदी करताना निविदेसोबत एक आदेशही निघावा. इशारा आल्यावर वाहन थांबविण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे, तो किती वेळात वापरावयाचा आणि गाडी रद्द केल्याचा ठपका त्या व्यक्तीवर येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. हातोडी धरणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचा शब्द वेळापत्रकापेक्षा वरचढ मानला जात नाही, तोवर संवेदक कितीही बसविले तरी चाक कुरकुरत राहील आणि ऐकणारा कोणी नसेल.