पलटणीतली शाळा

मागच्या शनिवारी कामठीला गेलो होतो. इंजिनिअरिंगचा जुना मित्र, वडील सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ॲडमिशनला तो डिफेन्स कोट्यातून आला होता आणि होस्टेलवर आम्ही त्याला त्यावरून फार पिडायचो. बाप सीमेवर आणि हा दर दोन वर्षांनी नव्या शाळेत, हे तेव्हा कोणी विचारलंच नाही. असो.

आता त्याचा भाचा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. चार वर्षं नोकरी, मग फार तर २५ टक्के कायम. सोबत इग्नूची पदवी घ्यायची सोय. मित्र म्हणाला, "तू सांग बे, पोराने जावं का?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना बाबासाहेबांचे वडील आठवले.

१४ ऑक्टोबर १९५६ला आपल्या नागपुरात जो इतिहास घडला, त्याचं एक मूळ थेट पलटणीतल्या शाळेत आहे. रामजी सकपाळ सैन्यात होते. तिथे शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, अगदी मुलींनाही, शिक्षण सक्तीचं होतं. आणि काळ कोणता? गावच्या शाळेत महाराच्या पोराला आत घेत नसत तो! रामजी तिथेच शिकले, पुढे सैनिकी शाळेत १४ वर्षं हेडमास्तर होते, सुभेदार झाले. असा फायदा तेव्हा दुसरीकडे कुठे मिळाला असता, मला तरी माहीत नाही.

पण ही शाळा नोकरीला जोडलेली होती. १८९२मध्ये सरकारने महारांची भरतीच थांबवली. 'लढाऊ जमाती'चं खूळ डोक्यात शिरलं होतं ना साहेबाच्या! भरती गेली, तशी पगार, पेन्शन आणि शाळा, तिन्हीची वाट बंद. आपल्याकडे क्लायंटने प्रोजेक्ट काढून घेतला की होतं तसं, फक्त इथे अख्खी जमात बेंचवर. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये अर्ज लिहिला, १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१मध्ये, पुन्हा युद्ध चालू असतानाच.

अमेरिकेतही १९४४च्या जीआय बिलाने २० लाखांहून जास्त सैनिक कॉलेजात गेले, पण दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना बहुतेक कॉलेजांची दारं बंदच होती.

भीमरावांचा जन्म १८९१चा, महूच्या छावणीतला. शाळेत जायच्या वयाचे झाले तोवर वडील निवृत्त. मग साताऱ्याची साधी शाळा, आणि तिथे घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसणं. मात्र रामजींच्या डोक्यातली शाळा सरकारला परत घेता आली नाही. मुलाकडून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं त्यांनीच करून घेतली. पुढे परळच्या चाळीत एकच खोली, म्हणून मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे.

रविवारी मित्राला फोन केला. म्हटलं, जाऊ दे पोराला, पण पदवीचा फॉर्म पहिल्याच वर्षी भरायला लाव.